वसईचे गोन्सालो गार्सिया संत कसे झाले? १५९७ ते १८६२, एवढी वर्षं का लागली?

दर्यावर्दी

परवा वसईच्या किल्ल्यात फिरताना आमच्या गटात चांगलाच वाद रंगला. विषय होता संत गोन्सालो गार्सिया. ते वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्याशांच्या संघात ब्रदर झाले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं गेलं आणि भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढे मात्र फाटे फुटले.

एकाचं म्हणणं, त्यांना १६२७ सालीच मान मिळाला. दुसरा म्हणाला, छे, १८६२ साली. तिसऱ्याने चर्चचं कॅलेंडर मोबाइलवर उघडून दाखवलं. त्यात ६ फेब्रुवारीला ‘संत पॉल मिकी आणि सहकारी हुतात्मे’ एवढंच लिहिलं होतं, गोन्सालोंचं नाव कुठेच नाही. जपानमधले अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले लोकसुद्धा हा दिवस पाळतात, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तर मी चक्रावलोच. मला वाटायचं, संत ही फक्त कॅथलिकांची बाब.

इथे वसईची मंडळी आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत. एका मिशनऱ्याचा मृत्यू झाल्यापासून त्याला वेदीवर मान मिळेपर्यंत नेमकं काय काय घडतं? आणि आपल्या वसईच्या माणसाला २६५ वर्षं का थांबावं लागलं? सविस्तर लिहा, घाई नाही.

---

अंजिरी

फार छान विषय. मी वसईत चार वर्षं नोकरी केली, गोन्सालो गार्सिया कॉलेजवरून रोज बस जायची, पण हे गृहस्थ जपानपर्यंत गेले होते हे आज कळतंय. वाचतेय.

---

पापडीकर

दर्यावर्दी, धाग्यासाठी मनापासून आभार. आमच्याकडे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगतात, ती थोडक्यात लिहितो.

जन्म १५५७ च्या आसपास वसईला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण किल्ल्यातल्या जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या फादरांकडे. पंधरा-सोळा वर्षांचा असताना जेझुइटांबरोबर जपानला गेला. तिथली भाषा शिकला, आणि नुसतं कामापुरतं बोलणं नाही, जपानी माणसाने कान देऊन ऐकावी अशी. धर्मशिक्षक म्हणून काम केलं. जेझुइट संघात प्रवेश मिळावा अशी फार इच्छा होती, ती पूर्ण झाली नाही. मग व्यापारात शिरला, तिथे जम बसवला. पुढे फिलिपिन्समध्ये मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कनांत ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर. हे मुद्दाम लिहितोय, कारण अनेक जण त्यांना फादर गोन्सालो म्हणतात. ते मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, करू शकत नव्हते. रुग्णांची सेवा, शिकवणं आणि दुभाष्याचं काम, हे त्यांचं आयुष्य.

गास गावातलं चर्च त्यांच्याच नावाचं आहे. किल्ल्यातल्या जुन्या जेझुइट चर्चमध्ये दर वर्षी त्यांच्या सणाची मिस्सा होते. कधी या, आमच्या घरी जेवायलाच या.

---

गडवाट

पापडीकर, जेवणाचं आमंत्रण सगळ्या धाग्याला आहे असं समजून चालतो :)

वसईचा किल्ला मी अनेकदा पाहिलाय. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ च्या तहाने, गुजरातच्या बहादूरशहाकडून. गोन्सालोंच्या लहानपणी हे भरभराटीचं शहर होतं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, सगळ्यांची मोठाली चर्चं तटाच्या आत. आज त्यांच्या कमानींतून वडाची मुळं लोंबतात.

मला शंका अशी की १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याचा या विस्मरणाशी संबंध असावा का?

---

शिलालेख

गडवाट, संबंध आहे, त्यावर खाली येतो. आधी दर्यावर्दींच्या पहिल्या प्रश्नाकडे. गटातले दोघंही बरोबर आहेत. १६२७ साली त्यांना ‘धन्यवादित’ ठरवलं, १८६२ साली ‘संत’. या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत.

त्याआधी मृत्यूची हकिकत. १५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील पाठवला. वकील होता पेद्रो बाप्तिस्ता नावाचा फ्रान्सिस्कन आणि त्याचा दुभाष्या गोन्सालो. म्हणजे जपानच्या सर्वात ताकदवान माणसासमोर स्पेनच्या वतीने जे बोललं गेलं, ते वसईच्या मुलाच्या तोंडून. हिदेयोशीने त्यांना राहू दिलं. क्योतोत त्यांनी मठ उभा केला, गरिबांसाठी रुग्णालय काढलं. खरं तर १५८७ पासूनच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हिदेयोशीचा हुकूम होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. जेझुइट गुपचूप, सावधपणे काम करत. फ्रान्सिस्कन उघड उघड उपदेश करत. शिवाय पोपने १५८५ साली जपान हे क्षेत्र जेझुइटांकडेच ठेवलं होतं, त्यामुळे दोन्ही संघांत तणाव होताच.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. त्यावरून कुरबुरी वाढल्या, स्पेनच्या हेतूंबद्दल संशय पेटला आणि हिदेयोशीने क्योतोच्या व ओसाकाच्या फ्रान्सिस्कनांना पकडायचा हुकूम दिला. एकूण २४ जण पकडले. जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत महिनाभर चालवत नेलं. वाटेत आणखी दोघं त्यात सामील केले गेले, म्हणून २६.

त्यात ६ फ्रान्सिस्कन होते, ४ स्पेनचे, १ मेक्सिकोचा, १ वसईचा. ३ जपानी जेझुइट, त्यांपैकी एक पॉल मिकी. उरलेले १७ जपानी सामान्य भाविक. त्यात लुई इबाराकी हा १२ वर्षांचा होता, अँथनी १३ चा, थॉमस कोझाकी १४ चा. निशिझाका टेकडीवर क्रुसांना बांधून भाल्यांनी मारलं.

---

तिरफळ

१२ वर्षांचा... पुढचं वाचायला थोडा वेळ लागला.

---

फुकुओकाकर

मी नोकरीनिमित्त जपानात आहे, फुकुओकाहून नागासाकी रेल्वेने सहज जाता येतं. निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. तिथे फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराने केलेला कांस्याचा मोठा फलक आहे, २६ जण एका ओळीत उभे. संत घोषित झाल्याला १०० वर्षं झाली म्हणून १९६२ साली हे स्मारक आणि शेजारचं संग्रहालय उभं राहिलं. पोप जॉन पॉल दुसरे १९८१ मध्ये इथे येऊन गेले.

फलकावरच्या मुलांच्या आकृती इतरांपेक्षा लहान आहेत. आधी मोठ्यांकडे पाहत सरकतो आणि मग एकदम त्या दिसतात. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने विचारलं, यांना सोडून का नाही दिलं? लुईला धर्म सोड, वाचशील असं सांगितलं होतं आणि त्याने नकार दिला, अशी आठवण तिथे सांगतात. तेवढंच तिला सांगू शकलो.

गोन्सालोंची आकृती शोधून काढली. परदेशात, तेही चारशे वर्षं मागे जाऊन, आपल्या कोकण किनाऱ्याचा माणूस असा भेटला याचं मला फार अप्रूप वाटलं.

---

उंबरठा

थोडा वेगळा सूर लावतो. या लोकांच्या मरणाबद्दल सहानुभूती आहेच. पण मिशनरी आणि साम्राज्य हे त्या काळात हातात हात घालून चालत होते, हेही लिहायला हवं. गोव्यात आलेल्या फ्रान्सिस झेवियर या जेझुइट मिशनऱ्यानेच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आणायची मागणी केली होती. ते १५६० साली आलं आणि त्याने काय केलं ते गोव्याला ठाऊक आहे. हिदेयोशीचा संशय हवेतून आला नव्हता. फिलिपिन्समध्ये स्पेनने काय केलं ते त्याला दिसत होतं. मग संतपद म्हणजे विजेत्यांनी आपल्याच माणसांना दिलेलं पदक नव्हे का?

---

तिरफळ

उंबरठा, मी गोव्याची. झेवियरच्या पत्राबद्दल तुम्ही लिहिलं ते खरं आहे आणि आमच्या घरात त्यावर मोकळेपणी बोलतात. माझी आजी झेवियरच्या दर शवप्रदर्शनाला जुन्या गोव्याला चालत जायची आणि इन्क्विझिशनच्या नावाने बोटंही मोडायची. तिला त्यात विसंगती वाटत नसे.

पण गोन्सालोंना त्याच तागडीत टाकू नका. ना त्यांच्या हाती सत्ता होती ना पाठीशी सैन्य, आणि ज्या संघात जायची इच्छा होती तिथे प्रवेशही मिळाला नव्हता. त्यांच्यासकट मेलेल्या २६ पैकी २० जपानी होते. ‘विजेत्यांची आपली माणसं’ हे वर्णन त्या वीस जणांना कसं लागू पडेल?

---

उंबरठा

शेवटचा मुद्दा मान्य. पण मग गौरवाची यंत्रणा कुणाच्या हातात होती, हा प्रश्न उरतोच. शिलालेख सर, त्यावर लिहा.

---

शिलालेख

लिहितो. हाच या धाग्याचा गाभा आहे.

सुरुवातीच्या शतकांत संत ठरवायला रोम लागत नसे. हुतात्म्याच्या थडग्यापाशी लोक जमत, स्थानिक बिशप मान्यता देई. पुढे हा अधिकार हळूहळू पोपकडे गेला. १५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी या कामासाठी रोममध्ये स्वतंत्र खातं नेमलं. १६२५ आणि १६३४ मध्ये अर्बन आठवे यांनी नियम आणखी कडक केले. परवानगीशिवाय कुणाच्या चित्राभोवती तेजोवलय काढायचं नाही, चमत्कारांची पुस्तकं छापायची नाहीत, उघड पूजन करायचं नाही.

नागासाकीच्या हुतात्म्यांची चौकशी या बदलत्या काळात चालली. साक्षी नोंदवल्या गेल्या. घटना हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत घडलेली, त्यामुळे मृत्यूबद्दल शंका नव्हती. सिद्ध करायचं होतं ते कारण. जहाजाच्या मालासाठी मारलं, राजकारणासाठी मारलं की श्रद्धेसाठी? इथे हिदेयोशीचं स्वतःचं आज्ञापत्र कामी आलं. वकील म्हणून आले आणि मी मना केलेला धर्म शिकवत राहिले म्हणून यांना शिक्षा, अशा आशयाचा मजकूर फळ्यावर लिहून मिरवणुकीपुढे धरला होता. शिक्षा देणाऱ्यानेच कारण लिहून ठेवलं.

सप्टेंबर १६२७ मध्ये अर्बन आठवे यांनीच मान्यता दिली. पण कशी? फ्रान्सिस्कनांसाठी एक आणि जेझुइटांच्या तिघांसाठी वेगळी. एकाच टेकडीवर एकाच सकाळी मेलेले लोक, पण कागद दोन संघांचे दोन. जिवंतपणी जी स्पर्धा होती ती इथवर आली. ‘धन्यवादित’ म्हणजे मर्यादित मान. त्या त्या संघात, त्या त्या प्रदेशात मिस्सा म्हणता येते. ‘संत’ म्हणजे सगळ्या कॅथलिक चर्चने पाळायचा मान.

उंबरठा, तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की यंत्रणा रोमच्या हाती होती, पण ती चालायची पाठपुरावा करणाऱ्यांच्या जोरावर. ज्याच्या मागे संघ, शहर किंवा राजा, त्याचं काम पुढे सरकतं. झेवियर १५५२ मध्ये गेले, १६१९ मध्ये धन्यवादित आणि १६२२ मध्ये संत. ७० वर्षांत काम झालं. मागे अख्खा जेझुइट संघ होता.

---

पापडीकर

आणि आमच्या गोन्सालोंच्या मागे कोण होतं?

---

शिलालेख

एकट्यासाठी कुणीच नाही. ते २६ जणांच्या गठ्ठ्यात होते.

१६२७ नंतर जपानने दारं मिटली. ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी. ज्या भूमीवर ते मेले तिथे त्यांचं नाव उघड घेणारं कुणी उरलं नाही. जेझुइट संघच १७७३ ते १८१४ विसर्जित होता. वसई १७३९ मध्ये मराठ्यांकडे आली. शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला मानाने बाहेर पडू दिलं आणि तिच्यासोबत किल्ल्यातले मठही रिकामे झाले. गावागावांतला ख्रिस्ती समाज इथेच राहिला, पण ज्या फ्रान्सिस्कनांनी हे नाव जपायचं ते गेले. गडवाट, तुमची शंका अशी खरी ठरते.

---

गडवाट

धन्यवाद सर. अवांतर: त्या मोहिमेनंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटा प्रसिद्धच आहे. ती वाजवून आलेले या धाग्यावर निम्मे तरी असतील.

---

अंजिरी

मी वाजवलीय! दोनदा.

---

नगरी_दीपा

दर्यावर्दींच्या अँग्लिकन प्रश्नावर लिहिते. मी अहमदनगरची, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट घरातली. आमच्याकडे संतांना प्रार्थना करत नाहीत. मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त. लहानपणी माझी वसईची मैत्रीण संत अंतोनीला हरवलेली वस्तू शोधून द्यायला सांगायची, तेव्हा मी अवाक होऊन बघत बसायचे.

पण संतांना प्रार्थना न करणं आणि त्यांना विसरणं यांत फरक आहे. लूथरच्या अनुयायांनी १५३० मध्ये आउग्सबुर्गला जो विश्वासाचा जाहीरनामा मांडला, त्याच्या २१व्या कलमात हेच आहे. संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या श्रद्धेचं अनुकरण करावं, मात्र त्यांच्याकडे मागणं मागू नये. त्यामुळे अमेरिकेतल्या मोठ्या लूथरन चर्चच्या कॅलेंडरात ५ फेब्रुवारीला जपानचे हुतात्मे आहेत. चर्च ऑफ इंग्लंड ६ तारखेला त्यांची आठवण करतं. आणि जपानच्या अँग्लिकन चर्चने, निप्पॉन सेइ को काइ त्याचं नाव, १९५९ साली ५ फेब्रुवारी हा दिवस जपानच्या सगळ्याच हुतात्म्यांसाठी आपल्या कॅलेंडरात घेतला.

कॅथलिकांत संत ठरवताना चमत्कार तपासतात, तशी तपासणी आमच्या बाजूला नसते. चर्चची सभा बसते, चर्चा होते, ठराव होतो, नाव कॅलेंडरात जातं. सोपं दिसतं, पण मला त्यातली गोष्ट मोठी वाटते. १५९७ मध्ये युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना मारत होते. त्याच काळातल्या कॅथलिक ब्रदरांसाठी आज प्रोटेस्टंट चर्च देवाचे आभार मानतात. मला स्वतःला हे वाचून फार बरं वाटलं.

---

पापडीकर

दीपाताई, तुमचा प्रतिसाद आमच्या युवक मंडळाच्या ग्रुपवर पाठवू का? (आणि संत अंतोनी आजही चाव्या शोधून देतात, अनुभव आहे.)

---

नगरी_दीपा

जरूर पाठवा. चाव्यांबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे :)

---

फुकुओकाकर

जपानात ऑर्थोडॉक्स चर्चही आहे. त्यांच्यात या २६ जणांना जागा नाही, कारण कॅथलिकांपासूनची फाटाफूट शतकानुशतकांची. पण त्यांचा स्वतःचा मिशनरी संत आहे, निकोलाय कासात्किन. १८६१ मध्ये हाकोदातेला आले, १९१२ मध्ये तोक्योत वारले आणि १९७० मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना संत मानलं. तोक्योतलं ‘निकोराइ-दो’ हे घुमटाचं चर्च त्यांनीच उभारलेलं, ओचानोमिझु स्टेशनजवळ.

---

दर्यावर्दी

एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. दीपाताई, सर, सगळ्यांचे आभार. पण १८६२ अजून बाकी आहे. दोनशे पस्तीस वर्षं धूळ खात पडलेला विषय अचानक कसा वर आला?

---

शिलालेख

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या.

एक जपानात. १८५० च्या दशकात अमेरिकेने आणि मग युरोपीय देशांनी जपानला दारं उघडायला लावली. १८५८ च्या करारांनंतर परदेशी वस्त्यांमध्ये चर्च बांधायची मुभा मिळाली. फ्रेंच मिशनरी येऊ लागले. जपान पुन्हा नकाशावर आला, तसे त्याचे हुतात्मेही आठवले.

दुसरी रोममध्ये. पोप पायस नववे यांच्या हातून त्यांचं राज्य निसटत होतं. १८६१ मध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं आणि पोपकडे रोम व भोवतालचा तुकडा उरला. अशा वेळी त्यांनी जगभरच्या बिशपांना संतपदाच्या सोहळ्यासाठी रोमला बोलावलं. शेकडो बिशप आले. ८ जून १८६२ रोजी सेंट पीटर्समध्ये २६ हुतात्मे आणि त्यांच्यासोबत मिगेल दे लोस सांतोस हे स्पॅनिश संन्यासी, यांना संत घोषित केलं गेलं. जमलेल्या बिशपांनी पोपच्या राज्याधिकाराला पाठिंबा देणारं निवेदनही दिलं. म्हणजे सोहळा श्रद्धेचा होता आणि त्याला राजकीय वजनही होतं. इटालियन सरकारला ते झोंबलं.

उंबरठा म्हणतील, बघा मी सांगत होतो. मी तेवढ्यावर थांबणार नाही. राजकारणाने मुहूर्त ठरवला, पण माणसं निवडली नाहीत. ती १५९७ मध्येच ठरली होती.

---

उंबरठा

हे वाक्य मला पटलं. मुहूर्त आणि माणसं वेगळी धरायला हवीत.

---

फुकुओकाकर

१८६२ चा पुढचा अध्याय इथला आहे आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही.

संत घोषित झाल्यावर फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीला चर्च बांधलं, ओउराचं चर्च. ते याच २६ जणांना अर्पण केलेलं आहे आणि त्याचं तोंड निशिझाकाच्या दिशेने. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातली काही माणसं चर्च बघायला म्हणून आली. त्यांतली एक बाई फादर पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे, आणि मारियाची मूर्ती कुठे आहे असं विचारलं. अडीच शतकं पाद्री नाही, चर्च नाही, उघड प्रार्थना नाही, तरी या घरांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या चोरून जपल्या होत्या.

त्यानंतरही त्यांचा छळ झाला. उराकामीच्या हजारो लोकांना गावातून उठवून दूरदूर पाठवलं. बंदी उठली ती १८७३ मध्ये. ओउराचं चर्च आता २०१८ पासून जागतिक वारशात आहे.

मला विचाराल तर या २६ जणांना खरा मान रोमच्याही आधी या घरांनी दिला.

---

अंजिरी

अंगावर काटा आला.

---

ब्राझिलकाका

उशिरा आलो, पण माझ्याकडे अशी माहिती आहे जी वसईतही फारशी कुणाला नसेल. माझं बरंच आयुष्य ब्राझीलमध्ये गेलं.

शिलालेख म्हणतात, गोन्सालोंच्या मागे एकट्यासाठी कुणीच नव्हतं. होतं. ब्राझीलच्या उत्तरपूर्वेला रेसिफे शहरात होतं.

अठराव्या शतकात तिथे ‘पार्दो’ म्हणजे मिश्र रक्ताचे, सावळे लोक मोठ्या संख्येने होते. गोऱ्यांच्या धार्मिक मंडळांत त्यांना जागा नव्हती. काळ्या गुलामांचे संत वेगळे होते. पार्दोंना हवा होता आपल्यासारखा, म्हणजे युरोपीय बाप आणि स्थानिक आई असलेला कुणी, ज्याला चर्चने वेदीवर बसवलं आहे. त्यांना सापडले गोन्सालो गार्सिया, वसईचे. १७४५ मध्ये रेसिफेत त्यांच्या नावाने फार मोठा उत्सव झाला, मिरवणुका निघाल्या. जाबोआताँ या फ्रान्सिस्कन फादरने त्या वेळी लांबलचक प्रवचन दिलं. त्यात हा प्रश्न विस्ताराने सोडवला होता की गोन्सालो सावळे होते की नव्हते, आणि मिश्र रक्त हा कमीपणा आहे की नाही. त्याचं उत्तर होतं, ते पार्दोच होते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. हे प्रवचन पुढे लिस्बनला छापलं गेलं.

तारखा बघा. १७३९ मध्ये वसईच्या किल्ल्यातले मठ रिकामे झाले. सहा वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, वसई कधी न पाहिलेले लोक वसईच्या माणसाला खांद्यावर घेऊन नाचत होते. तेही तो संत व्हायच्या शंभराहून अधिक वर्षं आधी.

---

तिरफळ

काका, हे वाचून मी उठून उभीच राहिले. ज्या मिश्र जन्मामुळे माणूस कुठेच पूर्ण बसत नाही, त्याच जन्मामुळे त्याला कुणीतरी आपला म्हटलं.

गोव्यातलं उदाहरण जोडते. संत जुझे वाझ, बाणावलीचे. डचांच्या राज्यात श्रीलंकेत लपूनछपून कॅथलिकांची सेवा केली, १७११ मध्ये कँडीला वारले. त्यांना श्रीलंकेच्या लोकांनी शतकानुशतकं धरून ठेवलं. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत धन्यवादित केलं आणि १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोतच गॉल फेसच्या मैदानावर संत. संतपदासाठी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अटही पोपनी बाजूला ठेवली. इथेही मिशनरी जिथला होता त्याहून जिथे खपला तिथल्या लोकांनी जास्त जपला.

---

ब्राझिलकाका

मेक्सिकोचंही तसंच. २६ मधला फेलिपे दे हेसुस मेक्सिको शहराचा. सान फेलिपे जहाजावरून तो पादरीपदाची दीक्षा घ्यायला घरी निघाला होता आणि वादळाने जपानला नेलं. मेक्सिकोने त्याला आपला पहिला संत म्हणून डोक्यावर घेतलं. क्वेर्नावाकाच्या कथीड्रलच्या भिंतींवर या २६ जणांच्या प्रवासाची मोठी जुनी चित्रं आहेत, रंगाच्या थरांखाली झाकली गेली होती, विसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी सापडली.

---

दर्यावर्दी

आता शेवटचा अडलेला मुद्दा. कॅलेंडरात ‘पॉल मिकी आणि सहकारी’ का? आणि ५ ऐवजी ६ का?

---

पापडीकर

६ चं सोपं आहे. ५ फेब्रुवारीला संत आगाथा यांचा सण आधीपासून आहे, फार प्राचीन हुतात्मा. त्यांची जागा आधीच ठरलेली, म्हणून आमचे एक दिवस पुढे :)

नावाचं मात्र मला लागतं, खरं सांगतो. १९६९ मध्ये जागतिक कॅलेंडर नव्याने बसवलं, तेव्हा या २६ जणांना त्यात पहिल्यांदा जागा मिळाली. फ्रान्सिस्कनांत पूर्वी ‘पेद्रो बाप्तिस्ता आणि सहकारी’ अशी ओळख होती. जागतिक कॅलेंडरासाठी पॉल मिकी पुढे आले. वसईचा माणूस दोन्हीकडे सहकाऱ्यांत.

---

नगरी_दीपा

पापडीकर, तुमचं दुखणं समजतं, पण मला निवड योग्य वाटते. जपानच्या मातीतल्या हुतात्म्यांचा दिवस आहे, २६ पैकी २० जपानी. आधीच्या नावात स्पॅनिश पुढारी होता आणि सगळे जपानी ‘सहकारी’. ते उलटं झालं हे चांगलंच.

---

पापडीकर

हो ताई, हा विचार मी केला नव्हता असं नाही. मिकींबद्दल तक्रार नाहीच. क्रुसावरूनही ते उपदेश करत राहिले असं आम्ही शिकलो आहोत.

---

शिलालेख

पापडीकर, तुमच्यासाठी एक गोष्ट. जागतिक कॅलेंडराशिवाय प्रत्येक देशाचं आपलं कॅलेंडर असतं. भारताच्या कॅलेंडरात ६ फेब्रुवारीला गोन्सालो गार्सियांचं स्वतंत्र नाव आहे. दर्यावर्दींच्या मित्राने मोबाइलवर बहुधा जागतिक यादी उघडली असावी.

---

दर्यावर्दी

त्याला आत्ताच फोन करून सांगितलं. परदेशी ॲप होतं. काका, ब्राझीलमध्ये आज त्यांचं काही उरलं आहे का? पुढच्या वर्षी कामासाठी रिओला जायचा योग आहे.

---

ब्राझिलकाका

अवश्य जा. रिओच्या मध्यवस्तीत, आल्फांदेगा रस्त्यावर, ‘साओ गोन्सालो गार्सिया आणि साओ जॉर्ज’ असं जोडनावाचं चर्च आहे. २३ एप्रिलला संत जॉर्जच्या सणाला तिथे पहाटेपासून एवढी गर्दी असते की रस्ता दिसत नाही. त्या गर्दीतल्या बहुतेकांना जॉर्जच माहीत आहेत, म्हणून तो दिवस टाळून जा. शांतपणे बघता येईल, तिथल्या माणसांशी बोलता येईल, आणि तुम्ही गोन्सालोंच्या गावाकडून आलात हे आवर्जून सांगा. मिनास जेराइसमध्ये साओ जोआओ देल रेइलाही त्यांच्या नावाचं चर्च आहे, वेळ असेल तर तेही. जायच्या आधी मला निरोप टाका, बसगाड्यांचं कळवतो.

---

पापडीकर

दर्यावर्दी, निघण्याआधी गासला या. आमच्या चर्चमधली त्यांची काही चित्रं आणि मराठीतली प्रार्थनेची पत्रकं देतो, तिथल्या लोकांना द्या. काका, तिथल्या भाषेत दोन ओळी लिहून द्याल का, सोबत जोडायला?